द यलो वॉलपेपर, बाईचं आजारपण आणि नवऱ्याचा ताबा : सारखे विचारले जाणारे प्रश्न

शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा मी बरीच वर्षं शिकवतेय. एमएच्या मुली, नेट-सेटवाले, नुसतं वाचायची आवड म्हणून वाचणारे, आणि दोनदा तर नुकत्याच बाळंत झालेल्या बायका, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहिलेलं नाही, दुसरीकडे असेल तिथे नंबर दिलाय.

१. ही कथा नक्की आहे कशाबद्दल? अजून वाचली नाहीये, थोडक्यात सांगाल का?

वाचाच आधी, तासाभरात होते. तरी सांगते. एका बाईला नुकतंच मूल झालंय आणि तिला बरं वाटत नाहीये. नवरा जॉन डॉक्टर, तिचा भाऊही डॉक्टर, आणि दोघांचं एकच म्हणणं की विशेष काही नाही, जरा नर्व्हस झालीये. उन्हाळ्याचे तीन महिने एक मोठं जुनं घर भाड्यानं घेतात. तिला खालची, बागेकडे उघडणारी खोली हवी असते पण जॉन वरची निवडतो, जी आधी मुलांची खोली होती, खिडक्यांना गज, भिंतीत कड्या, पलंग जमिनीला ठोकलेला आणि भिंतींना जागोजागी फाटलेला पिवळा वॉलपेपर. लिहायला बंदी, म्हणून ती चोरून लिहिते आणि आपण वाचतो ते तेच लिखाण. दुसरं काही करायलाच नसल्यामुळे ती वॉलपेपर बघत बसते, हळूहळू तिला नक्षीच्या मागे एक बाई दिसायला लागते, वाकून सरपटणारी, नक्षीचे गज हलवणारी. शेवटी ती त्या बाईला सोडवायला कागद ओरबाडून काढते. शेवटाबद्दल प्रश्न ८ मध्ये लिहिलंय, वाचली नसेल तर तो आत्ता बघू नका.

२. लेखिकेच्या बाबतीत हे खरंच घडलं होतं का?

बरंचसं हो, पण सगळं नाही. गिलमनचा जन्म १८६० चा, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. १८८४ मध्ये चार्ल्स वॉल्टर स्टेट्सन या चित्रकाराशी लग्न, १८८५ मध्ये मुलगी झाली, आणि त्यानंतर तिला असं काही घेरलं की बाळाला जवळ घेतलं की रडू फुटायचं. मला सगळ्यात बोलकी वाटते ती मधली गोष्ट. ती हवापालटासाठी एकटी कॅलिफोर्नियाला गेली, आणि आत्मचरित्रात ती सांगते की ट्रेन हलली त्या क्षणापासूनच बरं वाटायला लागलं. घरी परतली आणि पुन्हा तेच. १८८७ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या डॉ. सायलस वेअर मिचेलकडे गेली, त्यानं महिनाभर त्याची 'रेस्ट क्युअर' नावाची ट्रीटमेंट दिली आणि घरी पाठवताना सांगितलं की होईल तितकं घरातच रमायचं, मुलीला सतत जवळ ठेवायचं, दिवसातून दोनच तास डोक्याचं काम, आणि पेन, ब्रश, पेन्सिल जन्मात हातात धरायची नाही. तिनं तीन एक महिने हे इमानेइतबारे पाळलं. त्या दिवसांत ती चिंध्यांची बाहुली करून दाराच्या मुठीला टांगून खेळायची, कपाटात आणि पलंगाखाली जाऊन लपायची. पुढे १८८८ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली, मुलीला घेऊन कॅलिफोर्नियात गेली, कामाला लागली आणि सावरली.

फरक मात्र लक्षात ठेवा. तिला भास कधी झाले नाहीत हे तिनं स्वतः स्पष्ट लिहून ठेवलंय. तिचा नवरा डॉक्टर नव्हता. आणि मिचेलनं मुलीला सतत जवळ ठेव सांगितलं होतं, कथेत उलट बाळ दुसरीच बाई सांभाळते. म्हणजे आपण जिथून परत फिरलो तिथून परत फिरलो नसतो तर काय झालं असतं, ते तिनं लिहिलंय.

३. रेस्ट क्युअर म्हणजे नुसता आराम ना? आराम वाईट कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बरोबरच आहे, आपल्याकडे बाळंतिणीला आराम मिळाला तर नशीब म्हणतात. पण तो आराम कसा होता ते बघा. सहा ते आठ आठवडे अंथरुणात, सुरुवातीला तर उठून बसायचं नाही, शिवायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. नर्स भरवणार. घरच्यांना भेटायचं नाही. दूध आणि वरचं खाणं भरपूर देऊन वजन वाढवायचं, पडून पडून स्नायू सैल पडू नयेत म्हणून मालिश आणि विजेचे सौम्य झटके. मिचेलनं १८७७ च्या एका पुस्तकात हे सगळं पद्धतशीर मांडलंय. तो भोंदू नव्हता बरं का, मज्जासंस्थेचा मोठा डॉक्टर होता, अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करून त्यानं नाव कमावलं होतं, तोडलेल्या हातापायाच्या जागी दुखत राहतं त्या दुखण्यावर त्याचं काम आजही सांगतात. वजन उतरून खंगलेल्या काही बायकांना त्याच्या उपचाराचा फायदा झालाही असेल. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की पेशंटनं स्वतःचं डोकं बाजूला ठेवायचं आणि डॉक्टर म्हणेल ते ऐकायचं. जिला आधीच आपण कोणीच नाही असं वाटतंय तिच्यासाठी हे औषध आणि आजार एकच.

४. मग पुरुषांना असा त्रास झाला तर त्यांनाही झोपवून ठेवायचे का?

नेहमी नाही. याच मिचेलनं ओवेन विस्टर नावाच्या तरुणाला, जो बँकेतल्या नोकरीला कंटाळून आजारी पडला होता, १८८५ मध्ये वायोमिंगला पाठवलं, घोड्यावर बस, शिकार कर, उघड्यावर झोप. तो बरा झाला, तिथल्या अनुभवावर लिहायला लागला आणि नावाजलेला कादंबरीकार झाला. दोन वर्षांनी गिलमन आली, तिला पेन टाकायला सांगितलं. दोघांच्या तक्रारी फार लांबच्या नव्हत्या. मी वर्गात हे सांगते तेव्हा एक मिनिट कुणी बोलत नाही.

५. जॉन व्हिलन आहे का? तो तर किती प्रेमानं वागतो, बायकोला उचलून वगैरे घेतो. आमच्या वर्गातल्या मुलांना तो आवडला.

आवडू दे, आवडायलाच हवा. तो दारू पीत नाही, मारत नाही, दुसरी बाई नाही, तिच्यासाठी घर घेतलंय, रात्री वाचून दाखवतो. आणि तरीही संपूर्ण कथेत एकदाही तिचं म्हणणं खरं मानत नाही. ती म्हणते खोली बदलू, तो हसतो. ती म्हणते कागद तरी बदल, तो आधी हो म्हणतो मग म्हणतो एक हट्ट पुरवला की दुसरा येईल. ती सांगते मला बरं नाही, तो सांगतो तुझा रंग सुधारलाय, भूक सुधारलीये, मी डॉक्टर आहे मला कळतं. तिला लाडानं लहान मुलीसारख्या हाका मारतो आणि ठेवतोही मुलांच्याच खोलीत. आणि सुरुवातीलाच ती लिहून जाते की जॉन मला हसतो, पण लग्नात हे चालायचंच, आणि तिला त्यात काही वावगंही वाटत नाही!

नवरा आणि डॉक्टर एकाच माणसात आहेत हे गिलमननं मुद्दाम केलंय. नवऱ्यावर चिडली तर ती आजाराची खूण, डॉक्टरला शंका विचारली तर नवऱ्यावर अविश्वास. बोलायला तिसरी जागाच नाही. दुष्ट नवऱ्यापासून पळता तरी येतं, निदान माहेरी सांगता येतं. भल्या नवऱ्याबद्दल सांगणार काय, आणि कुणाला, भाऊसुद्धा त्याच्याच बाजूनं. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मला घरातली सगळी माणसं किती चांगली वागत होती आणि मी किती वेळा "असं होतंच, होईल नीट" ऐकलं ते मला आठवतं, म्हणून जॉनला नुसता राक्षस करून टाकणारं उत्तर मी पेपरात वाचते तेव्हा वाईट वाटतं. राक्षस केला की कथा सोपी होते, आणि आपल्या घरापर्यंत येतच नाही.

६. तिला नेमका कुठला आजार होता? आजच्या भाषेत डिप्रेशन ना?

तेव्हाचे शब्द होते हिस्टेरिया आणि न्युरस्थेनिया. न्युरस्थेनिया म्हणजे मज्जातंतू थकले अशी कल्पना, बियर्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १८६९ मध्ये तो शब्द रुजवला. आज वाचणारे बहुतेक जण प्रसूतीनंतरचं डिप्रेशन म्हणतात, आणि शेवटाकडे भास सुरू होतात म्हणून काही जण सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, असं म्हणतात. प्रसूतीनंतरचा सायकोसिस दुर्मिळ असतो, हजार बाळंतपणांत एखाद दोन, आणि सहसा पहिल्या काही आठवड्यांतच अचानक येतो, कथेतल्यासारखा महिनोन्‌महिने मुरत नाही. त्यामुळे पात्राला बाहेरून एकच लेबल चिकटवू नका.

पण एक गोष्ट मी ठासून सांगते. "ती वेडी नव्हतीच, समाजानं तिला वेडी ठरवलं" हे वाक्य पेपरात चांगलं दिसतं आणि चूक आहे. ती पहिल्या पानापासून आजारी आहे आणि तेच ती सांगतेय, नवरा म्हणतोय आजार नाही. आजार नाकारणं हीच इथे जुलमाची सुरुवात आहे. आजार नाही असं एकीकडे म्हणायचं आणि दुसरीकडे आजारी म्हणून कोंडायचं, दोन्ही एकाच तोंडानं.

७. त्या काळी नवरा बायकोला खरोखर वेड्यांच्या इस्पितळात टाकू शकायचा का, की हे कादंबऱ्यांतलंच?

टाकू शकायचा. इलिनॉय राज्यात १८५१ चा कायदाच होता, इतरांना दाखल करायला वेडाचा जो पुरावा लागायचा तो लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत लागायचा नाही, नवऱ्याची विनंती आणि इस्पितळाच्या सुपरिंटेंडंटचं मत बास. एलिझाबेथ पॅकर्ड या पाद्र्याच्या बायकोनं धर्माबद्दल नवऱ्यापेक्षा वेगळी मतं मांडली, म्हणून १८६० मध्ये तिला जॅक्सनव्हिलच्या इस्पितळात टाकलं, तीन वर्षं. सुटून आली तर नवऱ्यानं घरात कोंडलं, कुठे माहितीये, मुलांच्या खोलीत, खिडक्यांना खिळे ठोकून. तिनं चिठ्ठी बाहेर सरकवली, खटला उभा राहिला आणि जानेवारी १८६४ मध्ये ज्युरीनं सात मिनिटांत ती शहाणी आहे असा निकाल दिला. पुढे तिनं कायदे बदलून घेण्यासाठी आयुष्य घातलं, १८६७ मध्ये इलिनॉयनं ज्युरीशिवाय कुणाला डांबायचं नाही असं ठरवलं.

आपल्याकडचं विचारणाऱ्यांसाठी: भारताचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बघा. नवरा सांगतो म्हणून बायकोला दाखल करता येत नाही, आणि त्यात एक सुंदर कलम आहे की दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही.

८. शेवटी ती सुटते की संपते? आणि ही जेन कोण मध्येच?

शेवट असा: ती दार लावून किल्ली खाली टाकते, कागद फाडते, आता नक्षीतली बाई तीच झालीये, भिंतीला खांदा लावून गोल गोल सरपटते. जॉन आत येतो, बघतो आणि बेशुद्ध पडतो. आणि प्रत्येक फेरीला तिला त्याच्या अंगावरून जावं लागतं.

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका स्त्रीवादी प्रकाशनानं ही कथा पुन्हा छापली, त्यानंतर बऱ्याच समीक्षकांनी शेवटाला विजय म्हटलं, बाई उठली नवरा पडला. मला हे पूर्ण पटत नाही. ती उठलेली नाहीये, ती चार पायांवर आहे, खोलीतच आहे, दोर बांधलेला आहे, आणि जॉन शुद्धीवर येणारच, मग दुसऱ्या दिवशी गाडी कुठे जाईल ते सांगायला नको. पण नुसता पराभवही नाही, कारण पहिल्यांदाच तिनं बघितलेली गोष्ट त्यालाही बघावी लागली. परीक्षेत दोन्ही बाजू मांडा, स्वतःचं मत द्या, मार्क जात नाहीत.

जेन हे नाव कथेत तिथेच पहिल्यांदा येतं, "तू आणि जेननं अडवलं तरी मी बाहेर पडले" अशा अर्थाचं वाक्य आहे. एक मत, ही छपाईची चूक, नणंदेचं नाव जेनी आहे. दुसरं मत, जेन म्हणजे ती स्वतःच, आतापर्यंत जिला नावच नव्हतं. मी दुसऱ्या मताची, पण पहिलं खोडून काढता येत नाही हेही खरं.

९. रंग पिवळाच का? त्या कागदात विष होतं असं एका व्हिडिओत ऐकलं.

एकोणिसाव्या शतकात वॉलपेपरच्या रंगात आर्सेनिक असायचं हे खरं, मुख्यतः हिरव्यात, इतर छटांतही. पण कथेत तसं काहीच म्हटलेलं नाही, आणि विषामुळे झालं म्हटलं की जॉन सुटतो. वास मात्र बारकाईनं वाचा, पिवळा वास घरभर मागे मागे येतो, केसांत बसतो, नणंद जेनीला या बाईच्या आणि जॉनच्या कपड्यांवर पिवळे डाग दिसतात. अमेरिकेत तेव्हा चिनी स्थलांतरितांविरुद्ध जे वातावरण होतं त्याच्याशी काही समीक्षक हा रंग जोडतात, त्याबद्दल प्रश्न १३ बघा.

१०. 'जेन आयर'मधली माळ्यावरची बर्था पण हीच केस का?

उलटी केस. शार्लट ब्राँटे यांच्या १८४७ च्या त्या कादंबरीत नायकाची बायको बर्था दहा वर्षं कोंडलेली आहे, आणि ती एक शब्द बोलत नाही, तिची सगळी हकिकत नवराच सांगतो. खरं की खोटं तपासणार कसं? जमैकाची ती बाई माळ्यावर फक्त हसते, गुरगुरते, आग लावते. जीन ऱ्हीस यांनी १९६६ मध्ये तिच्या बाजूनं कादंबरी लिहिली तेव्हा तिला आवाज मिळाला. गिलमननं ते १८९२ मध्येच केलं, माळ्यावरच्या बाईच्या हातात पेन्सिल दिली.

तुलनेला अजून दोन घ्या. मेरी वुलस्टनक्राफ्ट यांची अपुरी राहिलेली 'मारिया', १७९८ ची म्हणजे शतकाच्या उंबऱ्यावरची, तिथे नवरा धडधाकट बायकोला खासगी वेडाश्रमात टाकतो आणि तान्हं मूल काढून घेतो. आणि केट शोपँ यांची १८९९ ची 'द अवेकनिंग', जिथे बायको घराकडे लक्ष देईनाशी झाली म्हणून नवरा आधी डॉक्टरकडे धावतो. तो डॉक्टर मला आवडतो, तो म्हणतो काही दिवस तिला तिच्या मनासारखं राहू दे.

११. मिचेलनं ही कथा वाचून ट्रीटमेंट बदलली म्हणतात, खरं का?

गिलमननं तसं लिहिलंय, १९१३ मध्ये. त्याला कथा पाठवली, उत्तर आलं नाही, बऱ्याच वर्षांनी कुणाकडून तरी कळलं की त्यानं पद्धत बदलली. पण मिचेलच्या बाजूनं याचा पुरावा संशोधकांना सापडलेला नाही, त्यामुळे "गिलमनच्या म्हणण्यानुसार" हे शब्द घालूनच लिहा. त्याच लेखात एक गोष्ट आहे ती मला जास्त मोलाची वाटते, की ही कथा वाचून एका बाईच्या घरचे घाबरले, तिला मोकळं सोडलं आणि ती बरी झाली.

१२. आपल्या मराठीत त्या काळी असं काही लिहिलं गेलं का?

वेड आणि डॉक्टर असं थेट माझ्या वाचनात नाही, पण बाईच्या तोंडून बाईचं कोंडलेपण, हो. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ चं, ती कथा नाही, रागानं लिहिलेला निबंध आहे. आणि ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' तर अगदी याच वर्षांतली, १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून येत गेली, यमू स्वतःची हकिकत स्वतः सांगते. तिथे नवरा समजूतदार आहे, तो गेल्यावर घरातले पुरुष आणि रूढी तिला चिरडतात, जबरदस्तीनं केशवपन होतं. अमेरिकेत डॉक्टरचा शब्द जे करत होता ते इथे रूढी करत होती. फरक एक, यमूला लिहिणारा पुरुष होता.

आणि एक योगायोग जो मला सोडत नाही. गिलमनला पेन टाकायला सांगितलं ते शहर फिलाडेल्फिया, साल १८८७. त्याच शहरात एकच वर्ष आधी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळाली होती, पंडिता रमाबाई समारंभाला मुद्दाम गेल्या होत्या, आणि आनंदीबाईंचा प्रबंध होता बाळंतपणावर. जास्त शिकण्यानं मुलींच्या मज्जासंस्थेवर ताण येतो असं मिचेल सांगत होता, त्याच गावात.

१३. गिलमन वंशवादी होती असं कळलं, मग का वाचायचं?

होती. काळ्या लोकांबद्दल आणि स्थलांतरितांबद्दल तिनं जे लिहिलंय ते वाचवत नाही, चांगल्या वंशाच्या पैदाशीच्या कल्पनाही तिला पटत होत्या. तो काळच तसा होता म्हणून मी सोडून देत नाही, कारण त्याच काळात त्याला विरोध करणारेही होते. म्हणून तिला देवी करून वाचू नका. कोंडलेली बाई म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर गोरी, नर्स आणि मोलकरीण परवडणारी बाई होती. बाळ सांभाळणाऱ्या मेरीबद्दल कथेत एक-दोन ओळीच आहेत, मेरीला बरं वाटत नसेल तर तिला कोण झोपू देणार होतं? हा प्रश्न एका विद्यार्थिनीनं विचारला होता, तेव्हापासून मी दरवर्षी विचारते.

१४. कथा वाचून बहीण म्हणते डॉक्टर आणि गोळ्या सगळा कंट्रोलच असतो, मी काही घेणार नाही. तिला दोन महिन्यांचं बाळ आहे. काय सांगू?

तिला सांगा, की कथेतल्या बाईला कुणी ऐकून घेणारा डॉक्टर मिळालाच नाही. आजची औषधं आणि समुपदेशन म्हणजे रेस्ट क्युअर नाही, बाळाला पाजत असताना चालणारे उपचारही असतात, फक्त डॉक्टरला तसं सांगायचं आणि प्रश्न विचारायचे, उत्तर देत नसेल तर दुसरा डॉक्टर गाठायचा. तिच्याबरोबर जा, पण तिच्याऐवजी तुम्ही बोलू नका, तिला बोलू द्या. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. झोप अजिबात येत नसेल, काही दिसत किंवा ऐकू येत असेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटत असेल तर आजच हॉस्पिटलला न्या, उद्यावर टाकू नका, आणि तिला एकटी सोडू नका.